जुनी पट्टी मोडू नका: शिवार फेरीच्या नव्या व्यवस्थापनास खुले पत्र

प्रति,
शिवार फेरीचे नवे व्यवस्थापन,
सोलापूर

सप्रेम नमस्कार.

यंदा रब्बी ज्वारीची शिवार फेरी, म्हणजे रानात फिरून उभं पीक बघायचा कार्यक्रम, जुन्या फार्मवर होणार नाही, शहराबाहेर महामार्गालगतच्या मैदानावर होणार, असा निरोप परवा गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला. सोबत मंडपाचा नकाशा होता. मुख्य व्यासपीठ, स्टॉलच्या रांगा, वाहनतळ, जेवणाचा मंडप, सगळं नीट आखलेलं. मी तो दोनदा मोठा करून बघितला, पण ज्वारी कुठं आहे ते लवकर सापडेना. शेवटी उजव्या कोपऱ्यात ‘प्रात्यक्षिक’ लिहिलेला एक हिरवा चौकोन दिसला. जेवणाच्या मंडपाच्या निम्म्याएवढा असेल.

म्हणून हे पत्र. मी मोहोळ तालुक्यातला जिरायत शेतकरी. साडेसात एकर रान, त्यातलं पाचेक एकर भारी काळं, बाकी मुरमाड. विहीर आहे, पण ती संक्रांतीपर्यंत साथ देईल याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. जुन्या फार्मवरच्या फेरीला पहिल्यांदा गेलो तो वडिलांच्या एम-८० वर मागं बसून. वडील गेल्यावर एकटा जाऊ लागलो. आता पोरगा येतो, कधी कुरकुरत, कधी आपणहून.

आधी तुमच्या बाजूचं बोलतो, कारण ती बाजू खोटी नाही. जुन्या फार्मकडं जाणारी वाट काळ्या रानातून होती आणि काळं रान ओलं झालं की पाहुण्या-यजमानात फरक करत नाही. एका वर्षी फेरीच्या आदल्या रात्री अवकाळीची भुरभुर झाली, तर सकाळी तीन गाड्या ट्रॅक्टर लावून ओढाव्या लागल्या. एका साहेबांचा बूट चिखलात राहिला तो राहिलाच. करमाळ्याहून येणाऱ्या माणसाला दोन एसट्या बदलून, वर चार किलोमीटर चालत यावं लागायचं. अकरा तालुक्यांचा जिल्हा, त्यातले निम्मे तालुके या चालण्यामुळंच कधी आले नाहीत.

आणि बायकांची सोय. म्हणजे पलीकडचा उसाचा फड. माझी बायको एकदाच आली. परतताना म्हणाली, ज्वारी बघण्यासारखी होती, पण मी पुन्हा येणार नाही. कारण विचारायची मला गरज पडली नाही. पेरणीला सरीत चालणारी ती, खुरपणारी ती, कणसं खुडणारी ती, आणि फेरीला गर्दी सगळी धोतर-पँटवाल्यांची. तुमच्या नकाशात स्वच्छतागृहं दिसली, तिथं मी मनातल्या मनात तुम्हाला शंभर गुण दिले. तेव्हा जागा बदलल्याबद्दल माझं भांडण नाही. भांडण आहे ते एका पट्टीबद्दल.

जुन्या फार्मवर पूर्वेच्या बांधालगत एक लांबट पट्टी होती. आलेल्या बहुतेकांनी ती बघितली असेल, पण ती काय होती हे तिथं वर्षानुवर्षं येणाऱ्यालाच कळलं. पट्टीचे दोन भाग. एका बाजूला दरवर्षी आषाढ-श्रावणात वाफे पाडायचे, पडेल तो पाऊस जागेवर जिरवायचा, पेरणीच्या आधी वाफे मोडून रान तयार करायचं, दोन चाड्यांच्या पाभरीनं बी आणि खत एकदम पेरायचं, पुढं तीन कोळपण्या, म्हणजे कोळप्यानं ओळींमधली माती हलवायची. दुसऱ्या बाजूला आमच्या गावात करतात तसंच: रान सपाट, एका चाड्यानं पेर, वेळ मिळाला तर एक कोळपणी. दोन्ही बाजूंना पाण्याचा थेंब नाही. बाजू कधी बदलल्या नाहीत. तीच बाजू वाफ्याची, तीच बाजू गावरीतीची.

फार्मवरचे जुने मास्तर (आम्ही सगळे त्यांना मास्तरच म्हणायचो) एका लांब हिशेबाच्या वहीत सगळं लिहायचे. कुठल्या नक्षत्रात किती पाऊस, पेर कधी, कोळपं कधी, कणसं किती, कडब्याच्या पेंढ्या किती. ती वही फेरीच्या दिवशी पट्टीच्या तोंडाशी एका पाटावर उघडी ठेवलेली असायची. कुणीही चाळावी.

२०१५ आणि २०१८ ही वर्षं आठवा. पाऊस दगा देऊन गेलेला. त्या दोन्ही साली गावरीतीची बाजू मांडीएवढी वाढून थांबली, कणसं म्हणजे नुसता भुसा. वाफ्याची बाजू फार डौलात होती असं नाही, पण कणीस भरलेलं होतं आणि कडबा जनावराला पुरेल एवढा होता. आमच्या शिवारातल्या आठ-दहा जणांनी पुढच्या साली वाफे पाडले ते भाषण ऐकून नाही. त्या पट्टीत मधोमध उभं राहून डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं, आणि घरी आले.

मग २०२० आलं. ऑक्टोबरच्या मध्याला पावसानं जिल्हा झोडपून काढला, पंढरपुरात घरं पाण्यात गेली, ते सगळ्यांना आठवतंय. त्या वर्षी वाफ्यात पाणी तुंबून राहिलं, रान पेरणीजोगं सुकेना, वाफसा येता येईना, पेर पार नोव्हेंबरात गेली. सपाट बाजू आधी निथळली, आधी पेरली गेली आणि तीच बरी आली. फेरीच्या दिवशी मास्तर पट्टीपुढं उभे राहून म्हणाले, “यंदा वाफ्यानं मार दिला. लिहून घ्या.” पाटी झाकली नाही, पट्टी नांगरून टाकली नाही. मला वाटतं त्या एका वाक्यामुळं लोकांचा त्या फार्मवर जो विश्वास बसला, तो दहा यशस्वी प्रात्यक्षिकांनी बसला नसता.

आता सांगा, ही पट्टी ट्रकमध्ये घालून महामार्गावर कशी नेणार? नव्या जागी ती पहिल्या वर्षापासून सुरू करावी लागेल. दुष्काळाचं वर्ष दाखवायला दुष्काळ येईपर्यंत थांबावं लागेल. जुनी पट्टी तीन-चार तऱ्हेची वर्षं पोटात घेऊन बसली आहे.

पट्टीच्या वरच्या टोकाला एक खड्डा असायचा. कमरेच्या वर, चार-साडेचार फूट खोल, एक कड छाटून सरळ केलेली. गावातल्या शाळेतलं एखादं पोरगं टेप घेऊन आत उतरायचं. वरची वीतभर माती राखेसारखी भुसभुशीत, कोळप्यानं हललेली. तिच्याखाली भेगाळलेली, कठीण. आणि मग तीन फुटांच्या खाली गेल्यावर माती काळीशार, गार. मास्तर पोराला म्हणायचे, मूठभर काढ आणि दाब. त्याचा लाडू व्हायचा. जानेवारीत, दोन महिने आभाळातून काही पडलेलं नसताना, त्या मातीचा लाडू व्हायचा. आणि त्या लाडवातून ज्वारीची पांढरी बारीक मुळं केसांसारखी लोंबत असायची. रब्बीची ज्वारी पावसावर येत नाही, साठवणीवर येते, हे मी वडिलांकडून शंभरदा ऐकलं होतं. खड्ड्यात उतरल्यावर दिसलं.

खड्ड्याच्या शेजारी, गावरीतीच्या बाजूला, भेगेत हात घालून बघायला सांगायचे. माझा हात कोपरापर्यंत गेला होता. आतून गार हवा लागली. ती गार हवा म्हणजे आपली ओल, बाहेर चाललेली. म्हणून तर सातव्या-आठव्या आठवड्यात दातेरी कोळपं घालायचं, त्या भेगा मातीनं बुजवायच्या. आमच्याकडं म्हणतात, एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी. म्हण सगळ्यांना पाठ असते, कोळपं मात्र दारात पडून असतं.

गेल्या वर्षी, म्हणजे कारभार तुमच्याकडं येत होता तेव्हा, याच नव्या मैदानावर एक छोटा मेळावा झाला. मी आलो होतो. प्लॅस्टिकच्या काळ्या पिशव्यांत वाढवलेली ज्वारी ओळीनं मांडली होती, खाली हिरवी जाळी, मागं बॅनर, आणि एक माणूस नळीनं पाणी घालत होता. जिरायत पिकाच्या प्रात्यक्षिकाला नळी! मी एका स्टॉलवरच्या पोराला विचारलं, ही जात कुठल्या रानाला? म्हणाला, “सगळ्या.”

तिथंच मला काळजी वाटली. सगळ्या रानाला एक जात असती तर राहुरीच्या कृषी विद्यापीठानं रानाच्या खोलीप्रमाणं वेगवेगळ्या जाती काढल्याच नसत्या. हलक्या रानाला फुले अनुराधा, फुले माउली. मध्यम रानाला फुले सुचित्रा. भारी रानाला फुले वसुधा, फुले यशोदा. पाण्याची सोय असेल तर फुले रेवती. हुरड्याला वेगळी, फुले मधुर. आणि हे सगळं असून म्हातारी माणसं अजून मालदांडीच मागतात, कारण भाकरी तिचीच. ती मालदांडी ३५-१ आपल्याच मोहोळच्या केंद्रात १९३०च्या दशकात निवडलेली. सोलापुरात कोरडवाहू शेतीचं संशोधन १९३३पासून चालू आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. एवढी पुंजी असलेल्या जिल्ह्यात ज्वारी पिशवीत उभी करून दाखवायची वेळ यावी, हे दामाजीपंतांच्या मंगळवेढ्याला कसं सांगायचं?

त्या मेळाव्यात आणखी दोन गोष्टी झाल्या. नावं घेत नाही. एका स्टॉलवर मला टॉनिकची बाटली गळ्यात मारली. आत काय आहे विचारलं तर “नॅनो आहे, काका” एवढंच उत्तर. मी घेतली, फवारली, काही झालं नाही, वाईटही नाही. चूक माझी होती, पैसे मीच काढून दिले. दुसरी गोष्ट जास्त गंभीर. डाळिंबाची रोपं विकायला ठेवली होती आणि त्यातल्या चार-पाच रोपांच्या पानांवर तेलकट डाग होते. तेल्या रोगानं मी माझा दोन एकर भगवा डाळिंब मुळासकट काढून जाळलाय, तो डाग मला अंधारात ओळखू येतो. तेल्या रोगट रोपाबरोबर गावोगाव जातो. डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र इथं केगावला आहे. तिथल्या एका माणसाला फेरीच्या आदल्या दिवशी बोलावून विक्रीची रोपं तपासून घेतली तर तुमचा एक चहा खर्च होईल.

विक्रीला माझा विरोध नाही. पण खरेदीसाठी सोलापुरात जागा आहेत. होम मैदानाकडं कृषी प्रदर्शन भरतं, तिथं ट्रॅक्टरपासून ठिबकच्या टोप्यांपर्यंत सगळं मिळतं, गर्दीही तोबा असते. त्याची दुसरी आवृत्ती महामार्गावर कशाला? आमच्या फेरीत दुकान नव्हतं, ही तिची उणीव नव्हती.

तारखेचंही बोलायला हवं. नकाशाखाली ‘फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा’ असं लिहिलंय. अहो, तोवर ज्वारी उपटून झालेली असते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेर, दोन-सव्वादोन महिन्यांत पोटरी आणि फुलोरा, चार महिन्यांच्या आसपास काढणी. पेरणी लवकर झाली तर खोडमाशी पोंगा खाते, उशिरा गेली तर दाणा भरताना ओल संपते आणि खडखड्या रोग येतो. हे सगळं बघायचं असेल तर वेळ अमावास्या ते संक्रांत एवढाच काळ आहे. जुनी फेरी त्याच काळात व्हायची. अक्कलकोट-बार्शीकडची माणसं वेळ अमावास्येची आंबील पिऊन, रानात पांडव पुजून, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फेरीला यायची. रान बघायची नजर तेव्हा ताजी असते. मास्तर एखादं वाळू लागलेलं ताट बुडाशी चिरून दाखवायचे, आतला गाभा काळा पडलेला, नुसते धागे उरलेले. मग शेजारचं निरोगी ताट चिरायचे. फेब्रुवारीच्या शेवटी तुम्ही काय चिरणार? शिवार फेरी म्हणायचं आणि कडब्याच्या गंजी बघायच्या. प्रमुख पाहुण्यांना जानेवारीत सवड नसेल तर त्यांच्याविना होऊ द्या. ज्वारी वाट बघत नाही, आम्ही एक भाषण कमी ऐकू.

आता यंदाचा विषय, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०२५च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला. माढा, मोहोळ, करमाळा, उत्तर सोलापूर, काठच्या गावांतली रानं खरडून गेली. माझ्या मेव्हण्याचं रान सीनेपासून फर्लांगभर. तिथं चार फूट काळी माती होती, आता कुठं वीतभर, कुठं मुरूम उघडा. त्याच्या डोक्यात ते रान अजून भारीच आहे. परवा म्हणाला, वसुधा टाकतो, दरवर्षी टाकतो. मी म्हटलं, दाजी, वसुधाला रान कुठं राहिलंय? तो गप्प बसला. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला भारी रानाची शेती ठाऊक, त्याला एका रात्रीत हलक्या रानाचा शेतकरी व्हावं लागलंय. त्याला काय पेरायचं, किती अंतरावर पेरायचं, गाळ कुठून आणायचा, आणला तर किती थर द्यायचा, हे कुणी दाखवणार आहे का?

जुन्या फार्मच्या दक्षिण कोपऱ्यात मुरमाड तुकडा आहे. तिथं दरवर्षी हलक्या रानाच्या जाती लावायचे आणि फेरीत तिकडं कुणी फिरकायचं नाही, सगळे भारी रानातल्या उंच ज्वारीत फोटो काढायचे. यंदा त्या कोपऱ्याला सगळ्यात जास्त गर्दी झाली पाहिजे. नव्या मैदानावर हे कसं दाखवणार? तिथं, माझ्या माहितीप्रमाणं, खालची माती उचलून मुरूम टाकून रोलर फिरवलाय. तिथं खड्डा खणला तर दीड फुटावर विटांचे तुकडे लागतील.

तर माझं मागणं सरळ आहे. मेळावा महामार्गावर घ्या. व्यासपीठ, स्टॉल, जेवण, वाहनतळ, स्वच्छतागृहं, सगळं तिथंच. पण फेरी जुन्या रानात ठेवा. सकाळी मैदानावरून एसटीच्या किंवा भाड्याच्या बस सोडा, दोन तास रान दाखवा, दुपारच्या जेवणाला परत आणा. वाटेवर चार ट्रॉली मुरूम पडला तर गाड्या रुतणार नाहीत आणि बांधाला दोन तात्पुरती स्वच्छतागृहं उभी राहिली तर माझी बायको पुन्हा येईल. हे मी तिला विचारून लिहितोय.

ते जमणारच नसेल तर निदान जुनी पट्टी पेरत राहा. दोन्ही बाजू, आहेत तशा. फेरी तिथं नसली तरी. आणि मास्तरांची वही. ती तुमच्याकडं आलेल्या कपाटात असेल, निळ्या पुठ्ठ्याची, कोपरा उंदरानं कुरतडलेला. ती रद्दीत जाऊ देऊ नका. तिची पानं मोठी करून छापा आणि मंडपात लावा, बॅनर म्हणून लावा हवं तर. तीही एका अर्थी प्रायोजकाची जाहिरातच आहे, आणि तिचा प्रायोजक म्हणजे पाऊस.

नव्या जागी तुम्हाला स्वतःचं रान हवंच असेल तर मैदानामागचं एखादं रान खंडानं घ्या. मात्र ते गणपती बसायच्या आत ठरलं पाहिजे. वाफे पाडायची वेळ तर जवळजवळ गेलीच. उत्तरा-हस्ताच्या पावसावर पेर साधायची तर रान आजच डोळ्यासमोर हवं. आपल्याकडं वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि त्यातला भरवशाचा तेवढा सप्टेंबर. निविदा, मंजुरी, बैठक या क्रमानं गेलात तर तो महिना निघून जाईल आणि जानेवारीत पुन्हा पिशव्या मांडाव्या लागतील.

जुने मास्तर आता निवृत्त आहेत, पण बोलावलं तर येतील, आमचं बोलणं झालंय. मानधनाचं त्यांनी काही विचारलं नाही. फक्त, पट्टीची पूर्वेची बाजू कुणी नांगरली तर नाही ना, एवढं विचारलं. मी परवा जाऊन बघून आलो. नांगरलेली नाही. गवत माजलंय, काँग्रेस गवतही आहे, दोन पाळ्या वखराच्या दिल्या की साफ होईल.

माझ्याकडं दोन चाड्यांची पाभर आहे, वडिलांची, बाभळीची. चाडी गेल्या वर्षी नवी बसवली. बैलजोडी आता गावात एकच उरलीय, तिच्या मालकाला मी विचारून ठेवलंय. तो दसऱ्याच्या आधी कुठलाही सोमवार सोडून यायला तयार आहे, सोमवारी तो बैल जुंपत नाही. खड्डा खणायला दोन माणसं आणि एक सकाळ लागते. दिवस कळवा.

आपला,
मोहोळ तालुक्यातील एक जिरायत शेतकरी